दुपानी की हिरवी

१६ मे

केर्तूने ही वही पाठवली. नात माझी, तार्तूला शिकायला असते. म्हणाली, आजी, तू दिवसातून चारदा फोन करतेस आणि चारही वेळा मी वर्गात बसलेली असते, तर जे सांगायचंय ते वहीत लिही, जूनअखेर यानच्या सणाला आले की एका बैठकीत वाचीन. म्हटलं बरं. शाळा माझी सहावीपर्यंत, पुढचं सगळं गाईंनी शिकवलं, तेव्हा अक्षराला कुणी हसू नये. वही चांगली जाड आहे, पण रेघा कशा छापल्यात देव जाणे, पुसट, आणि मध्येच वाकलेल्या. हल्ली कुणाला कामाची लाजच नाही. मी आपली कारेलची सुतारकामाची पेन्सिल काढली. कारेल म्हणजे माझा नवरा. तो गेला, पेन्सिली राहिल्या.

आज सकाळी घोटाळा झाला. उपाशीपोटी कुक्कू पाखराची साद ऐकली. वसंतात पावाचा घास पोटात गेल्याशिवाय दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे आमच्या बेटावर शेंबडं पोरसुद्धा सांगेल. उपाशी माणसाला कुक्कूने गाठलं की ती त्याला ठकवते, आणि वर्षभर त्याच्या हातून काही ना काही निसटत राहतं. कोंबड्या ओरडल्या म्हणून कोल्हा आला की काय बघायला मी तशीच धावले, आणि जुनिपरच्या झुडपातून ती बया सुरू झाली. मग आत येऊन पाव खाल्ला, पण ते वरातीमागून घोडं.

तेव्हापासून चैन नाही. चुलीपाशी बसले की खिडकीशी जावंसं वाटतं, खिडकीशी गेलं की आणखी कुठे.

दुपारी पिरेतचा फोन आला आणि जरा जिवात जीव आला. पिरेत विद्यापीठातली रानफुलांची बाई. ओकच्या झाडांमधलं आमचं जुनं कुरण आणि त्यातली कुक्कूजिभेची पांढरी फुलं तिला माझ्याइतकीच प्रिय आहेत. म्हणाली, "मावशी, यंदा कुक्कूजिभा तुमच्याच भरवशावर." आता बोला, विद्यापीठ माझ्या भरवशावर. मी शेजारच्या एल्मारला सांगायला कुंपणापर्यंत पळत गेले.

३ जून

पिरेत येऊन गेली. सोबत भिंग, लोकरीचे दोन गुंडे आणि काड्यांचा भारा.

केर्तू, तू लहानपणी कुक्कूजिभांचा गुच्छ घेऊन यायचीस, आठवतं का? हल्ली तोडायची बंदी आहे. आमच्या आयांनी बादल्या भरभरून आणल्या, तेव्हा कुणी विचारलं नाही. संध्याकाळी घरभर असा वास सुटायचा की गोठ्यातल्या गाई मान वर करायच्या. बरं, तर कुक्कूजीभ दोन जातींची. एक दुपानी, एक हिरवी. आता दुपानीला दोन पानं हे खरं, पण हिरवीलाही दोनच, तेव्हा नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं. रंगावर जावं तर दुपानी सावलीत हिरवट दिसते आणि हिरवी उन्हात पांढरी. वासावर जावं तर एकाच कुरणात दोघींचा वास मिसळतो. पिरेत म्हणते, खात्री करायची तर फुलाच्या तोंडात बघायचं. आत परागाच्या दोन इवल्या पिवळ्या पुरचुंड्या असतात. दुपानीत त्या चर्चमध्ये बाकावर दोन बहिणी खेटून बसाव्यात तशा, सरळ, अगदी शेजारी शेजारी. हिरवीत वर जवळ आणि खाली लांब, म्हणजे फाटकात पाय फाकून उभा राहिलेला एल्मार.

हे मी एल्मारच्या तोंडावर म्हणाले. तो कॉफी प्यायला आला होता. तो शेजारी, फेरीबोटीवर इंजिन सांभाळायचा, आता माशांना धुरी देतो आणि माझ्या घरी येऊन चुका काढतो. त्याची बायको अस्ता गेल्यापासून तो आणि मी रविवारी पत्ते खेळतो.

काम असं: प्रत्येक फुलाशेजारी काडी रोवायची. दुपानी असेल तर पांढरी लोकर बांधायची, हिरवी असेल तर हिरवी. हिरव्या गेल्या वर्षी ओहोळाकडच्या कोपऱ्यातच होत्या, त्या आत सरकताहेत का ते पिरेतला बघायचंय. जिथे हिरव्या तिथलं गवत उशिरा कापायचं, बी पडून गेल्यावर. एल्मारच कापतो लांब दांड्याच्या विळ्याने. म्हणजे माझी लोकर आणि त्याचा विळा.

पिरेतने विचारलं, "जमेल ना मावशी, भिंगातून बारीक बघायला लागेल." मी म्हटलं, "पोरी, मी काळ्या गाईच्या कासेवरचा काळा गोचीड अंधारात काढलाय." ती हसली. एल्मार हसला नाही. तो माझ्या बशीकडे बघत होता, कारण बोलता बोलता माझी कॉफी थोडी कपाबाहेर पडली होती. बोलण्याच्या नादात होतं असं.

५ जून

एल्मारशी भांडण. धान्याच्या कोठाराची वळचण मध्येच खाली झुकलीय, छान पोट आलंय तिला, हिवाळ्यात बर्फ पडला की खाली येईल. मी म्हटलं बघ रे जरा. तो शिडी घेऊन आला, ओळंबा लावला, दोरी ताणली, आणि वरून म्हणतो सरळ आहे. मी म्हटलं मला इथून दिसतंय. तो म्हणतो, दोरीपेक्षा तुला जास्त कळतं का. मग खाली उतरला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. म्हटलं, काय बघतोस, कोठार तिकडे आहे. तो शिडी उचलून गेला.

म्हातारपणी पुरुषांची नजर जाते आणि ते कबूल करत नाहीत. कारेलचंही तसंच होतं.

१२ जून

फुललं.

काय सांगू, कुरणात पाऊल ठेवलं आणि मी मोठ्याने हसले, एकटीच. ओकच्या सावलीतून पांढऱ्या मेणबत्त्या लावल्यासारख्या उभ्या. मी पाव खाऊन गेले होते, डोक्याला रुमाल, खिशात लोकर, आणि गुडघ्यांना म्हटलं आज तुम्ही गप्प बसायचं.

बघितल्या त्या सगळ्या दुपानी. पुरचुंड्या जवळजवळ, खेटून. खरं तर फुलाच्या तोंडात जरा धुकं असल्यासारखं वाटतं. दव असेल किंवा परागाची धूळ. परकराने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, तसंच. कडेच्या पाकळ्या छान दिसतात, खालची लांब जीभ दिसते, मागची शेपटी दिसते, नेमकं मधलंच जरा लाजतं. पण दोन वेगवेगळ्या असत्या तर वेगळ्या दिसल्या असत्या की. एकच धब्बा दिसतो म्हणजे जवळ आहेत. ओहोळाकडेही पांढरीच लोकर बांधली. हिरव्या बहुधा संपल्या बिचाऱ्या.

भिंग स्वस्तातलं दिसतंय. पिरेतला सांगायला हवं.

१३ जून

कुणीतरी लोकर बदलली. ओहोळाकडच्या काड्यांवर काल मी पांढरी बांधली होती, आज हिरवी. हिरवा रंग मला चांगला कळतो. पुन्हा पांढरी बांधून आले.

१५ जून

पुन्हा हिरवी.

झोप लागली नाही. कधी वाटतं ससे, पण सशाला गाठ मारता येत नाही. कधी वाटतं रस्त्यापलीकडच्या उन्हाळी बंगल्यातली पोरं. कधी वाटतं मीच विसरले, आणि मग पाय गार पडतात. माझी लीनामावशी शेवटी स्वतःच्या शेळीला पाद्रीबुवा म्हणायची.

आज रविवार, म्हणून पत्ते. सलग तीन डाव मी जिंकले. एकदा मी राजा टाकला तर एल्मार म्हणाला, "गुलाम आहे तो." मग लगेच म्हणाला, "नाही नाही, राजाच. माझी चूक." बघा, त्याची अवस्था अशी आहे. मी जिंकले म्हणून इतकी खूश की त्याला बडीशेपेचा पाव बांधून दिला.

१८ जून

चोर सापडला.

उजाडता उजाडता निघाले, पाव फाटकापाशीच चावत. जरा लांबून दिसलं, ओहोळापाशी कुणीतरी उकिडवं बसलंय. तोंड कुणाचं ते झाडाच्या सावलीमुळे कळेना, पण उठताना डावा गुडघा आधी धरण्याची रीत त्या एकाचीच. एल्मार. त्याच्या हातात लोकर. आणि वर भिंगसुद्धा, स्वतःचं, विकत घेतलेलं. ज्या माणसाला परवापरवापर्यंत डेझीचं फूल आणि कॅमोमाइलचं फूल एकच वाटायचं.

मी म्हटलं, "चांगलं चाललंय."

तो म्हणाला, "सहज बघायला आलो होतो."

"लोकर सहज खिशात येते का रे?"

मी पुष्कळ बोलले. म्हटलं, तुला पिरेतपुढे शहाणं व्हायचंय का. म्हटलं, आयुष्यभर तू इंजिनाच्या खोलीत बसलास आणि आता तुला कुरण हवंय. त्याच्या हातातलं भिंग ओढून घेतलं आणि माझ्या खिशात टाकलं. त्याने ते परत मागितलं नाही. हेच मला जास्त लागलं. भांडायचं तर नीट भांडावं माणसाने.

दिवसभर घरात येरझाऱ्या. कोंबड्यांना दोनदा दाणे घातले.

२१ जून

बोलणं बंद. तो कुंपणाच्या पलीकडे, मी अलीकडे. सणाची बिअर मी पिंपात घातलीय, दरवर्षी पहिला घोट त्याचा असतो, यंदा मीच घेतला. आंबट लागली.

उद्या केर्तू येणार. अंथरूण वाऱ्यावर टाकलं, आत आणलं, परत टाकलं.

२४ जून

लिहिते. लिहिलं नाही तर फुटेन.

काल यानचा सण. गावकऱ्यांनी किनाऱ्यावर जाळ केला, एक जुनी होडी पण जाळली. केर्तू मैत्रिणींबरोबर नऊ फुलं गोळा करायला गेली होती, उशाखाली ठेवायला, म्हणजे स्वप्नात नवरा दिसतो. एकही शब्द न बोलता नऊ जातीची नऊ फुलं आणायची, आणि केर्तूला गप्प बसता येत नाही, ती माझ्यावर गेलीय. दोनदा बोलली आणि दोनदा पहिल्यापासून सुरुवात.

आज सकाळी आम्ही दोघी ओट्यावर न्याहारी करत होतो तर एल्मार आला. हातात कागदात गुंडाळलेले धुरी दिलेले चपटे मासे, आणि दुसऱ्या हातात कुक्कूजिभेचा एक दांडा. तोडलेला. मी म्हटलं, कायदा तोडलास आता. तो म्हणाला, "वाऱ्याने मोडलेला होता. लाइने, हा कुठला ते सांग. मला कळत नाहीये. मी चुकलो असेन तर केर्तूसमोर माफी मागतो आणि पुन्हा कुरणात पाऊल टाकत नाही."

केर्तूला गंमत वाटली. मलाही वाटली, खोटं कशाला बोलू, जिंकायचा वास आला. भिंग काढलं. उन्हात धरलं. खालचं फूल बघितलं, वरचं बघितलं. तसंच मधलं धुकं. मी म्हटलं, "जवळजवळ. खेटून बसल्यात. दुपानी."

एल्मार खाली बसला. पायरीवर, माझ्या पायाशी. म्हणाला, "लाइने, त्यात काही नाही. मी काल गवताची काडी घालून प्रत्येक फुलातून दोन्ही पुरचुंड्या काढून टाकल्या. आतमध्ये रिकामं आहे."

मी म्हटलं खोटं. केर्तूने माझ्या हातून दांडा घेतला, भिंग घेतलं. प्रत्येक फुलात बघितलं. आदल्या दिवशी जमलं नव्हतं ते गप्प बसणं तिला तेव्हा जमलं.

मग ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, आजी, एक डोळा झाक. डावा झाकला. समोर केर्तू होती. तिचे केस होते, कानातले डूल होते, खांदे होते. मधे जिथे केर्तू हवी तिथे राखाडी भोक होतं, जसं कापडाला निखाऱ्याने पडावं. मी तिच्याकडे बघायला जावं तर ते भोक तिच्या अंगावर जाऊन बसायचं.

दुसरा डोळा मी झाकलाच नाही. भीती वाटली.

मी एल्मारला म्हटलं, मासे ठेव आणि जा. तो गेला. केर्तूने दवाखान्यात फोन लावला.

२७ जून

कुरेसारेला जाऊन आले, शहरात. डोळ्यांची डॉक्टरीण केर्तूहून थोडी मोठी, नखं स्वच्छ. एल्मारच्या गाडीतून गेलो, कारण दुसरी गाडी नव्हती. मी मागे बसले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. विजेचे खांब सगळे कमरेत वाकलेले. बरेच दिवस तसेच आहेत, मी समजत होते वीजवाल्यांचं काम.

डॉक्टरणीने चौकटींचा एक कागद दाखवला, वहीच्या पानासारखा, मधे टिंब. रेघा सरळ दिसतात का? मी म्हटलं डाव्या डोळ्याने वितळल्यासारख्या दिसतात, उजव्या डोळ्याने तर मधली चार घरं उंदराने खाल्लीत. तिने मान हलवली. म्हणाली डोळ्याच्या तळाशी नको तिथे नव्या शिरा फुटतात आणि पाझरतात. औषधाची सुई थेट डोळ्यात द्यायची, महिन्याच्या महिन्याला. डावा डोळा बहुतेक वाचेल. उजव्यात डाग सुकून गेलाय, तिथे आता फार काही होणार नाही.

मग विचारलं, किती दिवस झाले? मी म्हटलं, आठवडाभर.

दारात टोपी हातात घेऊन एल्मार उभा होता. म्हणाला, "फेब्रुवारीपासून."

डॉक्टरीण त्याच्याकडे बघून म्हणाली, "तेव्हा आणायला हवं होतं. उजवाही मिळाला असता कदाचित." रागावून नाही म्हणाली. जेवण थंड झालं म्हणावं तशी.

सुई दुखत नाही, ती येताना दिसत नाही एवढंच बरं. मला पांढऱ्या गाईची आठवण झाली, तिला टोचताना मी तिच्या कानात बोलायचे. माझ्या कानात कुणी बोललं नाही. केर्तूने हात धरला होता, तोही गार.

येताना मी पुढे बसले, मुद्दाम. आणि पूल ओलांडेपर्यंत थांबले. मग म्हटलं, "तू माझी लाज झाकलीस आणि डोळा घालवलास."

तो म्हणाला, "हो."

एवढंच. 

३० जून

पिरेत आली. मी तिला फाटकातच सगळं सांगून टाकलं, आत बोलावण्याआधी, नाहीतर कॉफी झाल्यावर धीर झाला नसता. म्हटलं, माझ्या एकाही काडीवर विश्वास ठेवू नकोस. हिरवी लोकर एल्मारची, पांढरी आंधळी.

ती कुरणात गेली, मी कुंपणाशी थांबले. एका जागी उभं राहवेना, दहा पावलं इकडे, दहा तिकडे. बऱ्याच वेळाने आली. म्हणाली एल्मारने बऱ्याच बरोबर ओळखल्या, काही उलट्या केल्या, त्या तिने नीट केल्या. हिरव्या दोन ओकपर्यंत आत आल्यात. ही बातमी चांगली आणि मला रडू आलं, म्हणून मी कोंबड्यांकडे गेले.

पुढच्या वर्षाचं विचारलं मी. दुसरं कुणी बघ म्हटलं. पिरेत खोटं बोलणारी नाही, म्हणून ती आवडते. म्हणाली, "मावशी, डोळा सुधारला तर तुम्ही. नाही सुधारला तर दुसरं कुणी बघावं लागेल. ऑगस्टपर्यंत मी कुणाला विचारत नाही."

केर्तूही तिच्याच गाडीतून गेली.

४ जुलै

रोज सकाळी पाव, मग उजवा डोळा झाकायचा आणि खिडकीची चौकट बघायची. आज वाकडी. काल वाकडी. डॉक्टरीण म्हणाली होती वाट बघा. वाट बघणं हे काम मला कधी जमलं नाही. गाय व्यायला लागली की मी गोठ्यातच पाटी उपडी घालून बसायचे, कारेल म्हणायचा तू बघतेस म्हणून ती लाजते.

फुलं आता वाळत चाललीत. सगळी गेल्यावर डोळा सुधारला तर कशावर बघू? भिंतीवर?

पायरीवर मासे होते, कागदात. मांजराला घातले.

७ जुलै

पुन्हा मासे. मांजराला अर्धे.

९ जुलै

एल्मार आला. फाटकात नाही थांबला, ओट्यावर आला आणि बाकावर बसला, मी विचारलंही नाही. बोलायला त्याला वेळ लागतो, इंजिनाच्या खोलीत ओरडूनही ऐकू येत नाही म्हणे, मग बोलायची सवयच राहत नाही.

मग म्हणाला, "अस्ताला मीच सांगितलं होतं. तिला कळलं नव्हतं, मला दिसत होतं, ती वाळत होती. मी तिला ओढत डॉक्टरकडे नेलं. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. त्या दिवसापर्यंत ती बटाटे काढत होती, लाइने. नाव कळलं आणि दुसऱ्या दिवशी ती पलंगावर आडवी झाली. पुन्हा उठली नाही. मला वाटलं, सांगितलं नसतं तर निदान तिचे बटाटे तरी काढून झाले असते."

मी मांजराला बाकावरून खाली उतरवलं.

"तू कुरणात जाताना हसत होतीस. मला ऐकू यायचं. म्हटलं, हा उन्हाळा जाऊ दे. लोकर काय, मी बदलीन."

मी त्याला म्हटलं, अस्ताचा आजार बरा होणारा नव्हता, माझा होता, आणि हे दोन तुला एक वाटले तर तुला दुपानी आणि हिरवीही एकच वाटायला हव्यात. तो म्हणाला हो. म्हटलं, माझा उजवा डोळा गेला, एल्मार. म्हणाला हो, ते आता मी घेऊन फिरणार. मग मी बिअर ओतली. त्याला पहिला घोट. आंबट आहे म्हणाला, बरोबर आहे त्याचं.

माफ केलं की नाही मला माहीत नाही. मासे मात्र आज मी खाल्ले.

१५ जुलै

खिडकीची चौकट. वाकडी आहे, पण आज वाकडी कशी आहे ते दिसलं. आधी नुसती वितळायची. मी भिंतीपर्यंत जाऊन बोट फिरवलं. मग परत लांबून बघितलं. मग बोट. असं दुपारपर्यंत चाललं. स्वतःला म्हटलं, लाइने, मनाला हवं तेच डोळा बघतो, फसू नकोस.

कुणाला सांगितलं नाही. केर्तूचा फोन आला तरी नाही. पहिल्यांदाच मी तिला काही सांगितलं नाही, आणि ती म्हणाली, आजी, तू बरी आहेस ना, इतकी गप्प का.

१९ जुलै

एल्मारने गवत कापायला घेतलंय, रस्त्याकडून. हिरव्यांचा भाग सोडून. मी मागून दाताळ्याने ओढते. माझं लक्ष गवतात नाही. सगळ्या कुक्कूजिभांना आता शेंगा धरल्यात, तपकिरी, बंद. मी हळूच एकेकीकडे बघत होते. एखादी उशिरा उठणारी असतेच, माझी धाकटी बहीण तशी होती. ओहोळाच्या अंगाला हेझलच्या दाट सावलीत थंडी रेंगाळते, तिथे सापडली. खालची फुलं सुकलेली, टोकाला तीन अजून ताजी.

मी एल्मारला हाक मारली. म्हटलं, इथे उभा राहा आणि तोंडातून अक्षर काढू नकोस. यातलं काडी घालून काढून टाकलं नाहीस ना? त्याने छातीवर हात ठेवून मानेनेच नाही म्हटलं.

गुडघ्यावर बसले. उजवा डोळा रुमालाने बांधला. भिंग डाव्याशी. आधी नुसतं पांढरं. मग हिरवट पांढरं. छाती अशी उडत होती की भिंग हलत होतं. श्वास रोखला, जसा सुईत दोरा ओवताना रोखतात. आणि धुक्यातून आधी एक पिवळी आली. मग, लांबून, दुसरी. वरती जवळ, खाली लांब. दोघींच्या मधे जागा होती. रिकामी, हिरवी जागा. मला ती जागा दिसत होती.

मी म्हटलं, "पाय फाकून उभी आहे. हिरवी."

त्याला बोलायची बंदी होती, म्हणून तो बोलला नाही. मी आणखी दोन फुलांत बघितलं, तेच. मग खिशातून हिरवी लोकर काढली, काडीला गाठ मारली, आणि उठायला हात पुढे केला. त्याने ओढून उठवलं. तो अगदी जवळ होता, आणि माझा डावा डोळा अजून तसाच नीट लागलेला होता, म्हणून पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

म्हटलं, "एल्मार, हे काय?"

"काय?"

"ओठावर. हे पांढरं काय चिकटलंय?"

त्याने हात लावला. "मिशी आहे."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून ओहोळाकडे बघायला लागला.

मी त्याला हनुवटीला धरून परत माझ्याकडे वळवलं आणि नीट पाहून घेतलं, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. मग सांगितलं की अजिबात शोभत नाही, बोकडासारखा दिसतोस, आजच्या आज काढ. तो म्हणाला काढतो. मी म्हटलं, नको, उद्या काढ. आज मला बघू दे.